हिरवा रस कुणी प्यायचा

पाय जपून ठेवा, मित्रांनो. न्हाणीशेजारी ज्या काळ्या दगडावर उभे राहून तुम्ही पाय धुता, तो मी. शिराळ्याच्या लीलाबाईंचा जुना पाटा. माझं तोंड फटकळ आहे, हे आधीच सांगून ठेवतो. जन्मभर मिरच्या वाटल्यावर गोड कुठून बोलणार?

वडारांनी मला खडकातून काढलं, चौकोनी घडवलं आणि अंगभर टाकीचे घाव घातले. ते सोसल्याशिवाय पाट्यावर काही वाटलं जात नाही. लीलाबाई लग्न होऊन आल्या त्याच वर्षी मी या घरात आलो. लसूण, खोबरं, तीळ, ओली मिरची, जे समोर आलं ते मी आणि वरवंट्यानं मिळून वाटलं. हरणाबाई वडारीण दर वर्षी मला टाकी लावायला यायची. असा दगड आता मिळत नाही, असं ती म्हणायची. मला ते ऐकायला बरं वाटायचं.

चीनची लढाई झाली, त्याच्या पुढच्या सालची ही गोष्ट. लीलाबाईंचे मालक लालासाहेब फौजेतून पेन्शनीत आलेले. त्यांचा एकुलता मुलगा मानसिंग भरतीला गेला आणि वजन कमी भरलं म्हणून परत आला. लालासाहेबांना चावडीकडं जायची लाज वाटू लागली. मग एकदा ते इस्लामपूरला कुणा निसर्गोपचारवाल्याचं भाषण ऐकून आले आणि घरात हुकूम सुटला. पोराला रोज सकाळी हिरव्या पाल्याचा ताजा रस द्यायचा.

हुकूम लालासाहेबांचा, राबायचं मात्र अंजनानं. ही मानसिंगची बायको, घरात येऊन वर्षही झालं नव्हतं. परड्यातला पालक आणि राजगिरा ती कोवळा बघून खुडायची, दोन पाण्यांनी धुवायची. त्यात मूठभर कोथिंबीर, शेवग्याचा पाला, एखादं गाजर आणि आल्याचा तुकडा. सगळं बारीक चिरून माझ्यावर घ्यायची आणि पाण्याचा हबका मारत गंधासारखं मऊ वाटायची. मग धोतराच्या धुतलेल्या फडक्यात घालून असं पिळायची की मनगटाच्या शिरा वर यायच्या. वर लिंबू पिळलं की रस तयार. खरं सांगतो, एवढं निर्मळ काम माझ्या अंगावर कधी झालं नव्हतं. मिरचीनं पोळलेल्या माझ्या अंगाला तो पाला थंडगार लागायचा.

रस मानसिंगला, चोथा दुभत्या म्हशीला. अंजनाला हिरवे झालेले हात. परड्यातलं सगळं माळवं रसात जाऊ लागलं, तशी तिच्या ताटात भाकरी आणि चटणीच उरली. त्यात तिला दिवस गेले. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तिच्या डोळ्यांची पापणी खाली ओढून बघितली आणि लीलाबाईंना सांगितलं की हिच्या अंगात रक्त नाही, हिला पालेभाज्या द्या, दूध द्या. लीलाबाईंनी मान डोलावली. घरी आल्यावर म्हणाल्या की आम्ही काय पालेभाज्या खाऊन बाळंत झालो?

आता पुढचं ऐका. तो रस मानसिंगच्या घशाखाली उतरत नव्हता. वासानंच त्याला मळमळायचं. तो पेला घेऊन गोठ्यात जायचा, रेडकाच्या पाण्यात ओतायचा आणि रिकामा पेला आईपुढं आणून धरायचा. लीलाबाई पेल्यात वाकून बघायच्या आणि खूश व्हायच्या. मी गोठ्याच्या दाराशीच होतो, मला सगळं दिसायचं. अंजनालाही दिसायचं. एक दिवस ती हळूच म्हणाली, “तुमास्नी नगं आसंल तर मला द्या की. पोटातल्यासाठी मागतीया.”

मानसिंग चपापला. “आईला कळलं, तर माझ्या वाटणीचं तू पेलीस म्हणंल. लय तमाशा हुईल. गप ऱ्हा.”

ती पुन्हा पाला वाटायला बसली. रेडकू मात्र काय तुकतुकीत झालं होतं म्हणून सांगू!

श्रावण आला. नागपंचमीला आमच्याकडं चिरत नाहीत, वाटत नाहीत, तवाही ठेवत नाहीत. त्या दिवशी रस चुकणार म्हणून लीलाबाईंनी आदल्या दिवशी दुप्पट पाला वाटायला लावला. आदला दिवस म्हणजे बायकांनी भावासाठी धरायचा उपवास. अंजनाला सातवा महिना, आणि पोटात पाण्याशिवाय काही नाही. अर्धा पाला वाटून झाला आणि ती माझ्यावरच कोसळली. तिचं कपाळ माझ्या कडेवर आपटलं. त्याच वेळी तिचा भाऊ जोतीराम तिला सणाला न्यायला मुराळी म्हणून दारात आला होता. तो माधवनगरच्या गिरणीत कामाला होता. बहिणीचा पिवळा पडलेला चेहरा त्यानं बघितला. गाडी जुंपून घेतली आणि तिला घेऊन गेला.

माहेरी तिला डॉक्टर दाखवला, दूध दिलं, औषधं दिली. पण फार उशीर झाला होता. बाळंतपणात अंजना गेली. मागोमाग तिची मुलगीही गेली. बाळाच्या पाचवीला आमच्याकडं पाटा-वरवंटा पुजतात. तिच्या माहेरच्या पाट्याला ते भाग्य लाभलं नाही.

आणि मानसिंग भरती झाला. वजनाच्या दिवशी त्यानं डझनभर केळी खाल्ली, वर तांब्याभर पाणी प्याला, काटा हलला. गल्लीत मात्र रसाचं नाव झालं. बायका लीलाबाईंना कृती विचारायला येऊ लागल्या. पाला कोणता, पाणी किती, फडकं कसलं. लीलाबाई मला पुढं ओढून दाखवायच्या, आणि माझ्यावरून हात फिरवत सांगायच्या की याच पाट्यानं माझं पोर फौजेत धाडलं. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं मला.

मानसिंग पहिल्या सुट्टीला आला, तेव्हाही शेजारच्या जाईबाई कृती विचारायला बसल्या होत्या. तो उंबऱ्यात उभा राहून ऐकत होता. जाईबाई गेल्यावर म्हणाला, “आई, त्यो रस मी कवाच पेलो न्हाई. रेडकाला घातला. अंजनानं मागितला हुता. तुझ्या भ्यानं दिला न्हाई.”

लीलाबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, “आरं, पेल्यात घोटभर ठिवायचा हुतास. नवऱ्याचं उष्टं म्हणून पेली आसती. मी कशाला आडवली आसती?”

ऐकलंत, मित्रांनो? उष्टं म्हणून चाललं असतं. तिचा वाटा म्हणून नाही.

त्या संध्याकाळी लीलाबाईंनी मला ओढत इथं आणून टाकलं. त्यांना माझ्याकडं बघवत नाही म्हणे. मला टाकी लावायला आता कुणी येत नाही. पाय धुवा, चिखल काढा, माझी काही तक्रार नाही. पण तुमच्या घरी कधी पाल्याचा रस निघाला, तर वाटून वाटून जिचे हात हिरवे झालेत, तिला पहिला पेला द्या. काठोकाठ भरलेला, कुणाचं तोंड न लागलेला.