माथे छाटलेला ढोल

आमच्या नाट्यगृहात आवाजाचं काम मी बघते आणि कपड्यांचं ताई. ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. लहानपणी तिला मोठा ताप आला होता. तो उतरला, पण जाताना तिचं ऐकणं घेऊन गेला. तेव्हापासून आमच्या दोघींची हातांची एक भाषा आहे. निम्मी ती शाळेत शिकून आली, निम्मी आम्ही घरी भांडता भांडता तयार केली. त्यामुळे तिच्यात टोमणे भरपूर आहेत.

त्या सकाळी नव्या नाटकाच्या संगीताची चाचणी होती. नाटक पुराचं, संगीत दणक्याचं. दणका म्हणजे आमचा संगीतकार; त्याला खरं नाव आहे, पण ते त्याच्या आईशिवाय कुणी वापरत नाही. समोर टेबल असो, पत्र्याचं दार असो नाहीतर कुणाची पाठ, हा बडवणारच. मागच्या नाटकाच्या वेळी 'शेवटच्या रांगेत काही ऐकूच आलं नाही' असं कुणीतरी बोललं होतं आणि ते त्याच्या फार जिव्हारी लागलं होतं.

"या वेळी शेवटच्या रांगेतला माणूस खुर्चीतून उडाला पाहिजे," पेनड्राइव्ह माझ्या हातात ठेवत तो म्हणाला.

"आणि पडला कुणाच्या अंगावर तर?"

"ते नाट्यगृहवाले बघतील. तू आवाज वर घे फक्त."

मी घेतला. ढोल सुरू झाला आणि खुर्च्यांचे दांडे थरथरायला लागले. दणका खुशीत मान हलवत होता. खरं सांगायचं तर मलाही तो आवाज भरदार वाटला. ताई रंगमंचावर डाव्या स्पीकरच्या खोक्याला पाठ टेकून बसली होती. पुराच्या पाण्याचं म्हणून जे लांबच लांब निळं कापड होतं, त्याला ती टीप घालत होती. मी पाहिलं, तिची सुई थांबली. तिने कपाळाला आठ्या घातल्या, कापड बाजूला सारलं, वळून दोन्ही तळहात खोक्यावर ठेवले. थोडा वेळ तशीच राहिली. मग तरातरा पायऱ्या उतरून माझ्याकडे आली.

"हे कापलंय," तिने खूण केली.

"काय कापलंय?"

तिने एका हाताने हवेत चढण काढली. हात वर गेला, आणखी वर गेला, आणि शिखर येणार तोच दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी तिने कात्री चालवली. मग तळहात आडवा, सपाट. "डोंगर चढतो, पण माथाच नाही. प्रत्येक ठोका असाच."

"अगं, फार मोठा लावलाय ना, म्हणून तसं वाटत असेल." मी आवाज अर्ध्यावर आणला. ती परत वर गेली, खोक्याला हात लावला आणि तिथूनच मान हलवली. "लहान झाला. माथा नाहीच."

"काय म्हणतायत ताई?" दणक्याने विचारलं.

"तुझ्या ढोलाला माथा नाही म्हणते."

"ढोलाला माथा कधीपासून यायला लागला?" तो हसला. "घे बाई परत वर. आत्ता कुठे मजा येत होती."

मी परत वर घेतला. पूर दाराशी येतो तो भाग लागला, ढोल एकावर एक कोसळायला लागले आणि मला वास आला. तापलेल्या व्हार्निशचा. डाव्या बाजूचा बारीक आवाज एकदम नाहीसा झाला, नुसती घुमघुम उरली. मी धावत जाऊन सगळं बंद केलं. खोकं उघडलं तर वरच्या छोट्या स्पीकरची कॉइल, म्हणजे आतलं तारेचं वेटोळं, काळीठिक्कर पडली होती.

दणक्याचा चेहरा उतरला. मी त्याची फाईल कॉम्प्युटरवर उघडली. आवाजाची रेघ कशी दिसायला हवी ते मला माहीत आहे: कुठे टेकडी, कुठे सुळका, मध्ये दऱ्या. इथे मात्र सगळं कुणीतरी फळी फिरवून एका पातळीत आणल्यासारखं होतं. एक ठोका मोठा करून बघितला. रेघ चढत गेली, आणखी चढली, आणि शिखर यायच्या आत एकाएकी सपाट झाली. थोडा वेळ आडवी चालली आणि मग खाली उतरली. ताईच्या हाताने हवेत काढली होती ती हीच आकृती.

माझे कान शाबूत, समोर यंत्रं, आणि त्या दणदणाटात मला जे कळलं नाही ते हिच्या तळहातांना कळलं होतं. ताई माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिने पडद्यावरच्या त्या सपाट जागेवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. हेच.

"फाईलमध्ये आवाजाला एक छत असतं," मी दणक्याला सांगितलं. "तू ढोल त्याच्याही वर ढकललास. जेवढा वर गेला तेवढा छाटला गेला. मग मी इथे आवाज कितीही कमी केला तरी छाटलेलं परत येत नाही. शिवाय या सपाटीवर कॉइलला उसंत मिळत नाही. कापलेल्या कडांचा कर्कशपणा आणि तो सगळा जोर त्या छोट्या स्पीकरवर जातो. तो तापत जातो आणि जळतो."

"मूळ रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे," तो हळूच म्हणाला. "काही न करता ठेवलेलं."

दुपारपर्यंत मी स्पीकर दुरुस्त केला. दणका मूळ रेकॉर्डिंग घेऊन आला. आम्ही दोघांनी बसून नवी फाईल केली, सुळक्यांच्या वर मोकळी जागा ठेवून. मी ती लावली. आधीच्या मानाने आवाज लहान होता, पण ढोलाचा प्रत्येक ठोका आपापला उभा राहत होता. ताईने खोक्यावर हात ठेवले आणि डोळे मिटले.

बराच वेळ ती हललीच नाही. मग डोळे न उघडताच एक हात काढून घेतला आणि सावकाश खुणा करायला लागली. मी त्या मोठ्याने बोलत गेले.

"हा ढोल... खोलीत वाजलेला नाही. जागा गोल आहे. मोठी. वरून बंद. ठोका भिंतीला धरून फिरतो, आणि विझता विझता परत येतो."

दणका होता तिथेच पायरीवर बसला.

"तिला कुणी सांगितलं?"

"काय सांगितलं?"

"टेकडीवरची पाण्याची टाकी. गळते म्हणून सोडून दिलेली. मी तिथे जाऊन वाजवलाय तो." तो म्हणाला. "लोक वेड्यात काढतील म्हणून कुणाला बोललो नाही. आणि मोठा करण्याच्या नादात ती टाकी मीच पुसून टाकली होती. मलाही ती ऐकू येईनाशी झाली होती."

मी ताईला सांगितलं. तिला त्यात विशेष काही वाटलं नाही. "होतीच तिथे," एवढीच खूण करून ती परत हात टेकून बसली. मी आणि दणका मात्र एकमेकांकडे बघायचं टाळत होतो. रडू येईल की काय अशी धास्ती दोघांनाही होती.

नाटक उभं राहिलं. पुराच्या प्रसंगाला शेवटच्या रांगेतला कुणी खुर्चीतून उडाला नाही, पण कुणी खोकलंही नाही.

नंतरच्या सुटीच्या दिवशी दणका आम्हा दोघींना टेकडीवर घेऊन गेला. टाकीच्या पायथ्याशी वाकून आत जाण्याएवढी वाट होती. आत गारवा होता आणि फटीतून येणारा थोडा उजेड. ताईने भिंतीला दोन्ही हात लावले. दणक्याने ढोलावर एकच थाप मारली. मला ती डोक्यावरून घुमत गेलेली ऐकू आली. ताईची बोटं मात्र भिंतीवर हळूहळू सरकत होती, एखाद्या सरपटणाऱ्या प्राण्याचा माग काढावा तशी.

मग तिने त्याला थांब म्हणून खुणावलं. शाळेत मुली तिच्या आवाजाला हसल्या त्या दिवसापासून ताईने घराबाहेर तोंडातून आवाज काढलेला नाही. घरीसुद्धा क्वचितच. तिने कपाळ भिंतीला टेकवलं, श्वास घेतला आणि पोटातून एक लांब 'आ' काढला. वेडावाकडा, भक्कम. तो आवाज सगळ्या टाकीत फिरला. तिने तोंड मिटलं तरी तो फिरतच होता.

तिने गर्रकन वळून माझ्याकडे बघितलं. तळहात भिंतीवरच होते, डोळे विस्फारलेले.

"मी?" तिने एका हाताने विचारलं.

"तूच," मी सांगितलं.

तिने परत भिंतीकडे तोंड केलं आणि या वेळी आणखी मोठा श्वास घेतला. दणक्याने ढोल हलकेच जमिनीवर ठेवून दिला.