अल्दोची हाक

आज देवयानी शर्यत हरली की अल्दोला सायकल क्लबकडून नारळ. ग्रॉन्याने, म्हणजे क्लबच्या सेक्रेटरीबाईंनी, हे हसतहसत सांगितलं होतं. तीन वर्षांत एक कप नाही, मग कोच कशाला पोसायचा? डब्लिनच्या उघड्या ट्रॅकवर वारा नुसता पिसाळला होता.

अल्दो इटलीचा. रस्त्यावरच्या शर्यतींत त्याने टीममधल्या बड्या लोकांच्या पाण्याच्या बाटल्या वाहिल्या. ट्रॅकवर मात्र स्वतःच्या नावावर जिंकायचा. मग एका शर्यतीत त्याचा टायर रिमवरून सुटायला लागला. त्याच्या कोचला ते दिसलं होतं, पण पदक समोर होतं, म्हणून गृहस्थ मूग गिळून बसले. अल्दोचा खुबा मोडला, करिअर तिथेच संपलं. काय म्हणावं असल्या माणसाला!

डब्लिनच्याच सँट्री भागातल्या ऑफिसातून सुटून देवयानी सरावाला यायची, ती दोघांपुरता डबा घेऊन. एकदा भाजी वाढताना अल्दो हात आडवा धरून म्हणाला, "बास्ता!" तिला हसूच फुटलं. "आमच्या मराठीतही बस म्हणजे पुरे!" स्वारी खूश. तेव्हापासून ट्रॅकवर 'बस' म्हणजे थांब, असं ठरलं. या शब्दाचा दुसरा अर्थ सांगायचा मात्र ती विसरली.

आजच्या शर्यतीत दर फेरीला सगळ्यात मागची बाद होत गेली. शेवटी उरल्या दोघी, देवयानी आणि डंडॉकची एक दांडगी मुलगी. वळणावर दोघींची चाकं घासली. देवयानी कशीबशी सावरली आणि सीटवरून उठून उभ्यानेच पेडल हाणू लागली. मागचं चाक लचकल्यासारखं वाटलं. पाय थरथरताहेत, दुसरं काय! या सायकलींना ब्रेकही नसतात.

कठड्यापाशी अल्दो होता. "बस!"

खरंच की, उभ्याने सगळा वारा अंगावर घेतेय मी! ती पटकन सीटवर बसली, मान खाली घातली आणि जीव खाऊन निघाली.

"देवयानी, बस!"

"बसलेय की, बाबा!" ती दातओठ खात पुटपुटली.

अर्ध्या चाकाने ती जिंकली. रेषा ओलांडली आणि मागचा टायर निघाला. सायकल फरफटत गेली, तिचं कोपर सोलवटलं, हेल्मेटला तडा गेला.

अल्दो लंगडत धावत आला. चेहरा पांढराफटक. "बस म्हणालो ना!"

"म्हणून तर बसले!" तिने सीटकडे बोट दाखवलं.

तिने दुसरा अर्थ सांगितला तशी ग्रॉन्या खो खो हसली. "ग्रँड! कोचची नोकरी पक्की."

अल्दो हसला नाही. "टायर सुटायला लागलेला मला आधीच्या फेरीतच दिसला होता," तो म्हणाला. "तेव्हा मी तोंड उघडलं नाही. म्हटलं, एकच फेरी, निभेल."

देवयानीचं हसू मावळलं. "मी मेले असते, अल्दो."

"हो."

"आणि तुम्ही नोकरीचा विचार करत होतात?"

"हो," तो पुन्हा म्हणाला. गळ्यातली शिट्टी काढून त्याने ग्रॉन्याच्या हातात ठेवली. "दुसरा कोच बघा. मुलींना माझ्या हाती देऊ नका."

तो फाटकाकडे निघाला. देवयानीला रडू आवरेना. त्याला थांबवावं असं तिला फार वाटलं, पण तिने हाक मारली नाही.