पाठीवरचं भोक

पोलिसांनी भर बाजारात अकरा गोळ्या झाडल्या. एक चहावाल्याच्या किटलीला लागली. एक चष्म्याच्या दुकानाच्या पाटीवरच्या डोळ्यात बरोब्बर बुबुळावर बसली. एक माझ्या बाबांना. चोराला एकही नाही. तो तीन दिवसांनी दात दुखतो म्हणून दवाखान्यात गेला आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला तोंड उघडं असतानाच पकडून दिलं. गोळ्या लागल्या शून्य.

बाबा तेव्हा दुकानाच्या पायरीवर एका कोटाचा रंग उन्हात पारखत होते. चोर त्यांच्या तोंडासमोर, पोलीस पाठीमागे. पोलिसांच्या अहवालात लिहिलं, ‘चोराची गोळी छातीत.’ इस्पितळाच्या कागदावर ‘अस्पष्ट’ आणि शरीरातून काढलेली गोळी गहाळ. आमच्याकडे उरला फक्त शर्ट. त्याला भोक एकच, पाठीवर. छाती कोरी करकरीत. इस्पितळाने तो पिशवीत घालून दिला होता आणि मी पिशवी दुकानातल्या फळीवर ठेवली होती.

हीच माझी चूक. आमचं दुकान रफूचं. कापडाच्याच आतल्या दुमडीतून धागे काढायचे आणि भोकावर असे विणायचे की जागा सापडू नये. बाबांचा नियम होता, गिऱ्हाईकाला जागा सापडली तर काम फुकट. दुसरा नियम, फळीवर आलेलं कापड फाटकं परत जायचं नाही.

चौकशीचे साहेब तेराव्या दिवशी दुपारी आले. मी ऐटीत पिशवी उघडली. शर्ट धुतलेला, इस्त्री केलेला. मी उलटा केला, सुलटा केला.

“आई, भोक कुठंय?”

“बुजवलं,” आई मशीनवरून मान वर न करता म्हणाली. “फाटका कसा ठेवू त्यांचा?”

साहेबांनी शर्ट खिडकीपाशी धरला, चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. “अरे, या शर्टाप्रमाणे तर तुझ्या वडिलांना काही झालेलंच नाही.”

“मग घरी पाठवून द्या त्यांना. जेवायचे थांबलोय,” मी म्हणालो.

साहेब हसले नाहीत. माणूस वाईट नव्हता, चौकशी मात्र त्याला स्वतःच्याच ठाण्याची करायची होती. म्हणजे आपल्याच पाठीवरचे तीळ मोजायचे.

मी खालची दुमड उलटून दाखवली. “हे बघा, इथून धागे काढलेत. भोक नव्हतं तर रफू कशाला केला?”

“रफू केलाय हे जाणकाराने लिहून द्यावं लागेल. घरच्या माणसाचं चालायचं नाही.”

“मग आणा ना जाणकार.”

साहेबांनी उलटलेली दुमड पुन्हा सरळ केली. “या गावात रफूतलं कळणारा एकच माणूस मला माहीत होता. माझ्या वर्दीचं कोपर तीनदा केलं त्यांनी. अजून मला जागा सापडत नाही.”

मशीन थांबलं. आईने त्यांच्या हातून शर्ट घेतला, डोळे मिटले आणि पाठीवरून बोट फिरवलं. डाव्या खांद्याखाली बोट थांबलं. तिने सुई घेऊन एक धागा उचलला.

“वहिनी, आता उसवलंत तर ते भोक तुम्ही पाडलेलं ठरेल,” साहेब हळूच म्हणाले. बाबांना ते दादा म्हणायचे.

“ठरू दे, भावजी.”

“आई, राहू दे गं.”

“गप. बाप तुझा म्हणायचा, घालायला दोन तास आणि काढायला चार. घाई केली की कापड रडतं.”

तिने चार तास घेतले. साहेब पहिला अर्धा तास बसले, मग ‘भोक आढळले नाही’ असं लिहून, माझ्याकडे न बघता निघून गेले. उसवलेले धागे आईने एका बशीत ठेवले. भोक करंगळीएवढं होतं. मला ते मोठं आठवत होतं.

शर्ट आता दुकानाच्या दर्शनी खिळ्यावर टांगलाय, पाठ रस्त्याकडे करून. रफूच्या दुकानात फाटकं कापड लावणं म्हणजे धंद्यावर पाणीच. गिऱ्हाइकं हसतात. काल एकाने विचारलंच, “मावशी, हा कधी व्हायचा?”

“साहेबांनी बघितला की,” आई म्हणाली.

समोरच्या रस्त्याने साहेब रोज जातात. पूर्वी दुकानाच्या बाजूने जायचे. आता पलीकडच्या बाजूने जातात, भरभर. कोपराची जागा इथूनही दिसत नाही.