मांजरावरची करणी

कडेगावजवळच्या तळ्याकाठी गुरुवारी मुंगीला शिरायला वाव नसायचा. कमरेइतक्या पाण्यात उभा राहून जळबाबा हळद फासलेला बोटभर जिवंत मासा एकेकाच्या घशात सोडायचा आणि काठावरच्या बरणीकडे हात करायचा. बरणीत हातभर लांबीची पांढरी पट्टी.

"बगा! जित्ता मासा पोटात शिरतो, करनी हुडकतो, आन् चाळिसाव्या दिशी तिची नाडी भायेर वडतो!"

लोक हात जोडायचे. शिवांजली तेवढी जोडत नसे. तिचा नवरा कृष्णात कुपवाडच्या कारखान्यात दोन-दोन पाळ्या मारून वेळी-अवेळी वडे खायचा. त्याच्या पोटात जळजळायला करणी कशाला हवी? पण सासूपुढं कुणाचं चालतंय! अंबूबाईंनी लेकाला तीन गुरुवार तीन मासे गिळायला लावले. शेवटच्या गुरुवारी बाबानं त्यांनाही एक प्रसाद म्हणून दिला. "घरी जाऊन घेते," म्हणत त्यांनी तो पदराआड लपवला.

चाळीस दिवसांनी खरंच कृष्णातच्या पोटातून पांढरी पट्टी पडली! अंबूबाईंनी गल्लीभर साखर वाटली. कृष्णातचं पोट मात्र टरारून फुगलेलं, पाणीसुद्धा उलटून पडत होतं.

बाबाचा निरोप आला, "मुळी आतच हाय. आनि दोन मासे घ्या. दवाखान्याची पायरी चडलात तर करनी उलटंल."

डोळे पुसायला शिवांजली परसात गेली, तर घरची मनी मांजर धुण्याच्या दगडावर बसलेली, आणि तिच्या शेपटीखाली लोंबत होती तीच पांढरी पट्टी!

"आत्या, मनीला परसाद कुनी चारला?"

अंबूबाईंचा हात गळ्यातल्या तुळशीमाळेवर गेला. "आगं, माळकरीन मी. मासा खायाचा कसा, आन् परसाद टाकायाचा कसा? म्हनून हिला घातला."

"मग मनीवर करनी कुनी केली? शेजारच्या बोक्यानं?"

अंबूबाई हसायला गेल्या, पण नजर मनीच्या पट्टीवरून घरात निजलेल्या लेकाकडं गेली. "गाडी बोलीव. आदी माजं लेकरू वाचीव."

सांगलीच्या डॉक्टरांनी उलगडा केला. "कच्च्या माशात जंताची पिल्लं असतात. महिना-दीड महिन्यात ती वाढून पट्टीसारखी होतात आणि तुकडे पडू लागतात. बाबाचा चाळिसावा दिवस तो हाच. ह्यांच्या आतड्यात तर जंतांचा गुंताच झालाय. आणखी दोन दिवस थांबला असतात, तर पोट फाडावं लागलं असतं."

नाकातून नळी, सलाईन, गोळ्या. आठव्या दिवशी कृष्णातनं भाकरी मागितली, तेव्हा शिवांजली पोटभर रडली.

पुढच्या गुरुवारी अंबूबाई पाटीत मनीला घेऊन तळ्यावर हजर.

"बाबा, हिनंबी तुमचा मासा खाल्ला, हिचीबी पट्टी पडली. हिच्यावर कुनी करनी केली, तेवडं सांगा!"

"ह्या मांजरीचा मागला जल्म..." पुढचं हशात बुडालं.

अंबूबाई गर्दीकडं वळल्या. "बाबांनू, ती पट्टी म्हंजी कच्च्या माशातला जंत, सांगलीच्या डागदरानं सांगितलं. मासा खायाचा तर शिजवून खावा. पोट दुकलं तर दवाखाना गाटा. आन् कुनी कायबी सांगितलं तर आदी इचारा, कशावरनं?"

नुकताच मासा गिळलेला एक पैलवान पोटावर हात ठेवून पुढं आला.

"आवं मावशी, त्यो सांगलीचा डागदर बसतो कुटं?"