एक सुई कमी

आमच्या गोधडी मंडळाच्या खोलीत भिंतीवर एक पाटी आहे: 'टाक्यागणिक मन हलकं'. ती अध्यक्षबाईंनी लावली. खरा नियम मात्र कुठेच लिहिलेला नाही, आणि तो नर्सकाकूंचा आहे. सुई मोजून घ्यायची, मोजून परत करायची, आणि एक जरी कमी भरली तरी खोलीतून चिंधीसुद्धा बाहेर जाऊ द्यायची नाही. काकूंनी तीस वर्षं ऑपरेशनच्या खोलीत कापसाचे बोळे मोजले. "पोट शिवण्याआधी मोजायचं असतं, नंतर नाही," हे त्या चहा पिता पितासुद्धा सांगतात. त्यामुळे त्यांच्या टेबलावर चहाला फारसं कुणी बसत नाही.

सुयांची वही माझ्याकडे. नट-बोल्टांच्या गोदामात आयुष्य गेलं, तेव्हा मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. कुणाला किती सुया दिल्या, किती परत आल्या, कुणाची मोडली, मोडली तर दोन्ही तुकडे आले का. माणसं त्यावरून बरी कळतात. आमच्यात दोन जावा आहेत, थोरली आणि धाकटी. एकाच बाकावर बसतात आणि सहा वर्षं एकमेकींना टोमणे मारतायत. थोरली तीन सुया नेते आणि एकच वापरते. धाकटी एकही नेत नाही आणि थोरलीच्या दोन वापरते.

अध्यक्षबाई सुई घेत नाहीत. अन्याय नको करायला: लाँड्रीवरची ही बिनभाड्याची खोली त्यांनीच मिळवली, कारखान्यातून कापडाचे तुकडे त्याच आणवतात, इस्पितळाच्या नवजात विभागाशी बोलणंही त्यांचंच. पण त्यांचं सगळं शिवण तोंडाने. कुणी पाहुणा आला की हात छातीशी धरून म्हणतात, "इथे दुःखाचीसुद्धा गोधडी होते." नर्सकाकू मागून पुटपुटतात, "मग नीट वाळवा म्हणावं. ओल्या गोधडीला वास येतो."

चार महिन्यांपूर्वी बस ड्रायव्हरची बायको आली. आम्ही तिला वहिनी म्हणायला लागलो, जरी ती आमच्यातल्या अर्ध्याजणींच्या लेकीच्या वयाची. तिचं बाळ त्याच नवजात विभागात अकरा दिवस होतं. घरी आलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं, हातांना काहीतरी काम द्या. हात तर तिचे असे थरथरायचे की दोरा ओवायला पाच मिनिटं लागायची. कुणी मदतीला गेलं की मान हलवून नाही म्हणायची. दोरा हिरवा, पहिल्या टाक्यापासून. चार महिन्यांत तिची एक गोधडी झाली, हातभर लांबीची. बाकीच्यांनी तेवढ्यात तीन-तीन, चार-चार काढल्या. बोलणं म्हणाल तर "सुई द्या" आणि "सुई घ्या". एकदाच जास्तीचं बोलली. वहीत बघत मला विचारलं, "मावशी, ती तिथेच जाईल ना? त्याच खोलीत?"

"त्याच खोलीत," मी म्हणाले. लिहूनच दिल्यासारखं म्हणाले.

त्या मंगळवारी चार वाजता इस्पितळाची गाडी यायची होती. तीस गोधड्या तयार: एकोणतीस लहान, आणि एक मोठी, आई बाळाला छातीशी घेऊन बसते त्या खुर्चीसाठी. मोठीवर मधोमध मंडळाचं नाव भरलेलं. दुपारी फोटोवाला आला. उजेड अडतोय म्हणून त्याने आम्हाला खिडकीपासून लांब पिटाळलं. अध्यक्षबाई मोठी गोधडी मांडीवर घेऊन बसल्या आणि शिवताना दिसल्या. दिसल्या म्हणते, कारण त्याला तेवढंच हवं होतं. "मान जरा खाली, मॅडम. हसू राहू द्या. सुई वर." असले दहा-बारा फोटो काढून तो खाली गेला.

साडेतीनला मी सुया मोजल्या. तेवीस दिल्या, बावीस आल्या.

परत मोजल्या. टेबलाखाली बघितलं, केरसुणी फिरवली, सुया टोचायच्या उशा दाबून बघितल्या. बावीसच. वहीत ज्या नावापुढची जागा कोरी होती, ते नाव वहिनीचं.

"बाईंनी घेतली होती," वहिनी म्हणाली. इतक्या हळू की मला दोनदा विचारावं लागलं. "फोटोच्या वेळी. माझ्या उशीतून."

"मी?" अध्यक्षबाई हसल्या. "अगं, सहा वर्षांत मी सुई घेतलीय का कधी? वही बघा ना."

आणि वहीत खरंच तसंच होतं. माझीच वही, माझंच अक्षर, आणि ती साक्ष देत होती त्यांच्या बाजूने. घेतलेलं लिहायची सोय वहीत आहे. उचललेलं लिहायची नाही, हे मला त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं.

"हे बघा," अध्यक्षबाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, म्हणजे ज्या सुरात त्या कुणाचंच ऐकत नाहीत त्या सुरात. "हिचे हात थरथरतात. बिचारीचा दोष नाही. सुई हिच्याच गोधडीत गेली असणार. तेवढी बाजूला ठेवा, बाकीच्या भरा. तीस गेल्या काय, एकोणतीस गेल्या काय."

"नियम एका गोधडीचा नाही," नर्सकाकू म्हणाल्या. "तीसच्या तीस दाबून बघायच्या."

"काकू, चारला गाडी येणार. सव्वाचारला इस्पितळाचे संचालक गेटपाशी उभे राहणार. हे काय तुमचं ऑपरेशन आहे?"

काकू काही बोलल्या, पण तोवर तिघी-चौघी पिशव्या उघडायला लागल्या होत्या. आणि ती हिरव्या दोऱ्याची गोधडी गठ्ठ्यातून काढून बाजूच्या खुर्चीवर कुणी ठेवली? मी. या हातांनी. दुसऱ्यांच्या चुका लिहायची मला फार हौस, तेव्हा हीसुद्धा लिहायला हवी.

वहिनी त्या खुर्चीकडे बघत उभी राहिली. मग तिने गोधडी उचलली, टेबलावर पसरली, आणि मोठी कात्री घेतली.

"अगं, काय करतेस?" थोरली ओरडली. "दाबून बघू आपण आधी!"

"दाबून बघितलं तरी बाई म्हणतील, नीट दाबलं नाही."

कडेचा दोरा तिने कचाकचा कापला. चार महिन्यांचे टाके. हात थरथरत नव्हते, मी बघत होते. वरचा थर उलटला. आमच्यात मधला थर जुन्या चादरीचा असतो, धुऊन धुऊन मऊ झालेल्या. हिच्या गोधडीत दोन दुपटी होती. कोरी. दुकानातल्या घडीच्या रेषासुद्धा मोडलेल्या नव्हत्या. एक पिवळं, एक पांढरं, कडेला बारीक बदकं.



तिने दोन्ही झटकली, उलटी करून दाखवली, अस्तर झटकलं. "बघा," ती अध्यक्षबाईंना म्हणाली. "आहे का सुई?"

सुई नव्हती.

आणि अध्यक्षबाई काय म्हणाल्या? म्हणाल्या, "बरं, मग वहीतच काहीतरी चुकलं असेल. मोजण्यात."

मी वही फटकन मिटली. वहीबद्दल बोलल्या म्हणून? तेही होतं, खोटं कशाला बोलू. पण समोर एक मुलगी आपल्या लेकराची दुपटी हातात धरून उभी होती, आणि या बाईंना अजून कुणावर तरी ढकलायला नाव हवं होतं.

"वही बरोबर आहे," मी म्हणाले. "गोधड्या चुकल्यात. खाली ठेवा सगळ्या."

"अहो, गाडी..."

"गाडी काय थंडीने कुडकुडत नाही," थोरली म्हणाली आणि आपल्या चार गोधड्या दाणकन टेबलावर आपटल्या. "धाकटे, बस समोर. आणि आज तरी झोपू नकोस."

"तू बोलायची थांबलीस तर झोप लागेल ना," धाकटी म्हणाली, पण बसली.

लोहचुंबक आमच्याकडे आहे. पातळ कापडातून ते सुई ओढतं, चार पदरांतून ओढत नाही. म्हणून तळहातच लावावे लागतात. दोघींनी समोरासमोर बसायचं, गोधडी मधे घ्यायची आणि काठापासून मध्याकडे दाबत यायचं, बोटभर जागाही सोडायची नाही. खाली हॉर्न वाजला. मग पुन्हा वाजला. अध्यक्षबाई जिन्यावर जाऊन इस्पितळाच्या गाडीवाल्याला काहीतरी गोड बोलून आल्या. नर्सकाकू बाकांमधून फिरत होत्या. "हळू. कोपरे. कोपऱ्यांत लपतात."

पावणेपाचपर्यंत अठ्ठावीस झाल्या. काही नाही.

"झालं समाधान?" अध्यक्षबाई म्हणाल्या.

"मोठी राहिली," मी म्हणाले.

"तिला हात लावू नका. इस्त्री केलीय. मंडळाचं नाव आहे त्यावर."

"मग नावापासूनच सुरुवात करू."

मोठी गोधडी जावांच्याच बाकावर आली. थोरलीने नावाच्या पहिल्या अक्षरावर हात टेकवला, दाबला, सरकवला. तिसऱ्या अक्षरापाशी किंचाळली. "आई गं!" तळहातावर रक्ताचा थेंब.

"सहा वर्षांत पहिल्यांदा हिला माझ्याआधी काहीतरी सापडलं," धाकटी म्हणाली आणि आपला पदर तिच्या तळहातावर दाबून धरला.

नर्सकाकूंनी चिमट्याने टोक धरून सुई हळूहळू बाहेर ओढली. सुईमागून दोरा आला. हिरवा, वीतभर.

काकूंनी ती उजेडात धरली. त्यांचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता. "या खुर्चीत आई बसते," त्या म्हणाल्या. "उघड्या छातीवर बाळ घेते. नऊशे ग्रॅमचं बाळ. वरून ही गोधडी."

अध्यक्षबाईंनी घसा खाकरला. "गडबडीत राहिली असेल. तो फोटोवाला किती घाई करत होता, बघितलंत ना. असो. मिळाली ना? चला, पटापट भरा आता."

"गडबडीत सुई राहते, बाई," वहिनी म्हणाली. आता कुणालाही परत विचारावं लागलं नाही. "माझं नाव तुम्ही गडबडीत घेतलं नाहीत. चांगलं आठवून घेतलंत. हात थरथरतात, एवढंसुद्धा आठवलं तुम्हाला. पण माझ्या उशीतून सुई उचललेली तेवढी आठवली नाही."

"अगं, मला खरंच..."

"आणि बिचारी म्हणू नका मला. पुन्हा म्हणू नका."

अध्यक्षबाईंनी आमच्याकडे बघितलं. दर वेळी कुणीतरी मधे पडून विषय सारवतं. बहुतेक वेळा मीच. त्या दिवशी सगळ्यांना आपापल्या नखांत काहीतरी बघायचं होतं.

अठ्ठावीस गोधड्या गाडीतून गेल्या. अध्यक्षबाई सोबत गेल्या आणि गेटपाशी त्यांचा फोटोही निघाला. दुसऱ्या दिवशी तो छापून आला, खाली 'सुईदोऱ्याने जोडलेली माया' असं काहीतरी. तो कागद नर्सकाकूंनी नक्षी उमटवायच्या खडूच्या भुकटीची पुडी बांधायला वापरला.

शुक्रवारी वहिनी येणार नाही, असं धाकटीने पैजेवर सांगितलं होतं. हरली. वहिनी तीनला आली, माझ्यासमोर उभी राहिली, सुई घेतली, आपल्या जागेवर बसली आणि दुपटी पुन्हा थरांमध्ये सारखी करायला लागली. आम्ही दहाजणी चार बाजू वाटून घ्यायला टपलेल्या. तिने वरही बघितलं नाही.

साडेतीनला अध्यक्षबाई आल्या. फोटोवाला नाही, पाहुणा नाही. हातात चहाचा मोठा थर्मास. तो त्यांनी टेबलावर ठेवला आणि मला म्हणाल्या, "मलाही एक सुई द्या." मी दिली आणि लिहिली.

त्या वहिनीजवळ गेल्या. "दे ग, एक बाजू मी घालते. लवकर होईल."

"नको."

"मला वाईट वाटलं ग परवा."

"वाटायलाच हवं." वहिनीने पलीकडच्या बाकाकडे मान केली. मोठी गोधडी तिथे पडली होती, सुई शोधताना नावाभोवतीचे टाके सैल झालेली. "तुमची ती आहे."

अध्यक्षबाई बसल्या. बोटात अंगुस्तान नव्हतं, थोरलीने सरकवलं, काही न बोलता. तिच्यासाठी हा विक्रम. तास-दीड तास त्या शिवत होत्या. मान दुखली, बोट टोचलं, दोरा गुंतला, दोनदा "अगं बाई" झालं. आम्ही कुणी उठलो नाही. पाचाच्या सुमारास त्यांनी गोधडी उचलून खोलीभर दाखवली, पोर पाटी दाखवतं तशी.

वहिनी उठली. टाक्यांवरून बोट फिरवत गेली. एका टाक्याखाली तिने करंगळीचं टोक घातलं, ते अलगद आत गेलं.

"टाके लांब पडलेत," ती म्हणाली. "बाळाचं बोट अडकेल. उसवा."

अध्यक्षबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग आमच्याकडे, मग गोधडीकडे. कात्री जवळ ओढली.

"कुठपर्यंत उसवू?"

"सगळे," वहिनी म्हणाली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.