माझ्या शेजारची हिरवी टिकली

मित्रांनो, बुटांच्या कारखान्यात भिंतीवर ठोकलेली मी एक जुनी चकती आहे. निळ्या फुलपाखराच्या पंखावरून माणसांनी मला घडवलं. त्या पंखात निळा रंग नसतोच. बारीक खवल्यांच्या थरांवर उजेड पडला की निळाई दिसते. तसेच थर माझ्यात आहेत. हवेत विषारी वाफेचा कण जरी मिसळला, तरी ते फुगतात आणि मी हिरवी होते. स्वच्छ हवेत मी निळी. एवढं सोपं माझं बोलणं, पण ते ऐकायला वेळ कुणाला होता?

मला बसवणारा तंत्रज्ञ घाईत होता. आधी मला मोकळ्या हवेत धरायचं, तेव्हा दिसेल त्या रंगाची टिकली शेजारी लावायची, असा नियम. त्याने मला थेट चिकटकामाच्या खोलीत आणलं. तिथे बुटांचे तळ चिकटवायच्या सोल्युशनचे डबे उघडे, खिडक्या बंद. मी केव्हाच हिरवी झाले होते. तंत्रज्ञ साहेबांनी हिरवी टिकली लावली, खाली ‘सुरक्षित’ लिहिलं आणि जेवायला गेले.

सोल्युशन लावणाऱ्या मावशी रोज मला रुमालाने पुसत. त्यांच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या, मग बोटं बधिर झाली. दुसरं काम बघ म्हणून घरचे मागे लागले, तर चकती हिरवी आहे, हवेत काही नाही, माझं वयच झालं, असं त्या सांगत. ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं होई.

एकदा सुटीत रंगकामासाठी खिडक्या उघडल्या, त्या काम सुरू झालं तरी उघड्याच राहिल्या. मी निळी झाले. वाटलं, आता तरी यांचे डोळे उघडतील. मुकादमाने मला पाहिलं आणि घाबरून सगळ्यांना बाहेर काढलं. बाहेरच्या गटाराचीच हवा आत आली, असं त्याने ठरवलं आणि खिडक्या लावून घेतल्या. आत डबे उघडेच होते. थोड्याच वेळात मी हिरवी झाले आणि सगळे हसत आत आले. तेव्हापासून खिडक्यांना खिळे ठोकलेत.

मावशींना आता उभं राहवत नाही. त्यांच्या जागी लेक लागली. तिला सोडायला त्या भिंत धरत धरत आल्या होत्या.

“या चकतीवर लक्ष ठेव,” त्या म्हणाल्या. “हिरवी आहे तोवर घाबरू नकोस.”

लेकीने मान हलवली आणि डबा उघडला.

मित्रांनो, मला पुसू नका, जपू नका, माझं कौतुक तर मुळीच नको. कुणीतरी मला एकदा उघड्या हवेत न्या. पोरीचे पाय अजून धड आहेत.