डकोटाची घंटी

केळझरच्या चंद्रभानने आयुष्यात एकच मोठी थाप मारली, पण ती अशी घट्ट बसली की पन्नास वर्षं निघता निघेना. मुलगी पाहायला गेला तेव्हा तो फौजेत होता आणि डकोटा नावाच्या मालवाहू विमानातून फिरत होता, इथवर सगळं खरं. "पोरगा इमान चालवते," हे मामाने जोडलं आणि चंद्रभानने मान डोलावली. झालं! कोकिळाबाई पायलटची बायको म्हणून घरात आली. पुढे फौज सुटली, वांग्या-मेथीचा मळा सुरू झाला, तरी बाजारात भाजी विकताना ती गिऱ्हाइकांना सांगायची, "आमचे हे डकोटा चालवत होते." चंद्रभान तेव्हा खाली मान घालून मेथीवर पाणी शिंपडत बसायचा.

यंदा नातीने घोळ घातला. वर्षालीने नागपूरच्या हवाई कसरतींचे पास आणले. "आबाजी, तुमचा डकोटा येऊन राह्यला! आतमंदी जाऊन पाहू देते म्हणे."

चंद्रभानने घाईघाईने मळ्याकडे बोट दाखवलं. "मले नाई जमत. वांग्यावर अळी पडली हाये."

"अळी कुठी पळून नाई जात," कोकिळाबाई म्हणाली. "मले तुमची सीट पाह्यची हाये."

"अन् गुडघा?"

"गुडघ्यानं चालवत होते का इमान?"

नागपूरला लढाऊ विमानं डोक्यावरून कडाडत गेली. चंद्रभानने वर पाहिलंसुद्धा नाही. मैदानाच्या कडेला डकोटा उभा होता, नाक वर आणि शेपूट भुईला टेकलेली, ओसरीत बसलेल्या कुत्र्यासारखा. त्याला पाहताच म्हातारा भीतीबिती विसरला. आत चढल्यावर तेलाचा आणि तापल्या पत्र्याचा तोच वास आला आणि त्याचे डोळे भरून आले. किती वर्षांनी भेटला हा गडी!

"माह्ये आबाजी हेच चालवत होते," वर्षालीने तिथल्या तरुण अधिकाऱ्याला सांगून टाकलं.

"मग सर, पुढे या ना! कॉकपिटमध्ये बसा."

पुढे? चंद्रभानने गुडघ्याचं निमित्त केलं आणि उघड्या दारासमोर, पलीकडच्या भिंतीला पाठ लावून खाली बसला. काहीतरी बोलायचं म्हणून त्याने विचारलं, "ते घंटी अजून हाये का?"

"आहे की! वाजतेसुद्धा," म्हणत अधिकाऱ्याने कळ दाबली.

घंटी घणघणली. चंद्रभानला कळायच्या आत त्याचे दोन्ही पाय ताडकन सुटले, आणि समोर ठेवलेली शिदोरीची पिशवी, भाकरी-ठेच्यासकट, दारातून थेट बाहेर गवतावर जाऊन पडली.

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"मी चालवत नवतो," तो जमिनीकडे पाहत म्हणाला. "पहाडावरच्या चौक्यांले धान्याचे पोते टाकत होतो. घंटी वाजली का पायानं ढकलाचे."

कोकिळाबाई पोट धरधरून हसायला लागली. "मले लग्नाच्या आठव्या दिवशीच कळलं! पाहाटे देवळातली घंटी वाजली का मी खाटेखाली. इमान चालवणारा माणूस अशा लाता मारते का?"

"मंग बोलली काऊन नाई?"

"तुमी मान हलवून फसले होते, आता काय बोलाचं? अन् मलेबी पायलटीन म्हणून मिरवाले गोड वाटे." मग तिने हळूच विचारलं, "पोते पोचत होते ना?"

"पोचत होते. खालून पोरं टोप्या हलवत."

"मंग झालं तं! चालवणारा रिकामं इमान घेऊन वापस येत होता. भाकर तुमी पोचवली."

चंद्रभानने मान वर केली. अख्ख्या फौजेने त्याला असं कधी म्हटलं नव्हतं.

परतताना वर्षालीने केळझरच्या गणपतीपाशी गाडी थांबवली. गाभाऱ्यासमोर तिने घंटीला हात घातला, तर कोकिळाबाईने तिला मागे ओढलं.

"आबाजीच्या पुढून आधी सरक, पोरी!"

मग नवऱ्याच्या पाठीमागे नीट उभी राहून, पदर खोचून, घंटी तिनेच वाजवली.